तळाची काजळी

मागच्या डिसेंबरात नागपूरला बर्डीवर एका चहाच्या टपरीशेजारी उभं राहून मी पितळी स्टोव्ह घेतला. साडेआठ हजार रुपये. अर्ध्या पाइंटचा, पाय सुटे करून पत्र्याच्या डब्यात मावणारा, पूर्वी मोहिमांवर न्यायचे तसला. विकणारा एका मित्राच्या ओळखीतला निघाला. त्याचं नाव लिहीत नाही. उद्या तो नाव बदलून हेच करेल, म्हणून त्याने काय केलं ते सांगतो.

आधी त्याने गोष्ट सांगितली. कामठीची छावणी 1821 सालची, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. तिथल्या एका गोऱ्या कॅप्टनचा हा स्टोव्ह, त्याच्या खानसाम्याच्या घरात तीन पिढ्या पडून होता, आता नातवाला पैशाची गरज. "सर, दिल्लीवाला पार्टी बारा देऊन राहिला, पण वस्तू आपल्या नागपुरात राहावी असं वाटते." या वाक्याला मी पडलो, हे कबूल करतो.

मी अगदीच आंधळा नव्हतो. खिशात लोहचुंबक होता, तो टाकीला लावला. चिकटला नाही, म्हणजे पितळ खरं. बर्नर काढून पाहिला, त्यावर ठशाने उमटवलेलं 'प्रायमस, स्वीडन' होतं आणि तेही खरं होतं, आजही मी तेच म्हणेन. टाकीच्या खांद्यावर 'प्रायमस 1892, मेड इन स्वीडन' अशी अक्षरं. मला वाटलं, आणखी काय पाहायचं?

पाहायचं बरंच होतं. बर्नर हा स्टोव्हचा झिजणारा भाग. वायसर, पिन, निपल, बर्नर हे सगळं आयुष्यात अनेकदा बदललं जातं, आणि आपल्याकडच्या टाक्यांवर स्वीडनचा बर्नर बसतो, तिकडच्या टाकीवर आपला. त्यामुळे बर्नरवरून फक्त बर्नर कुठला ते कळतं. स्टोव्हचं वय टाकी सांगते. चुंबकाचंही तसंच. लोखंड नाही एवढंच तो सांगतो, पितळ कुठलं आणि कधीचं हे त्याला काय माहीत.

घरी आणून चिंच आणि पितांबरीने घासायला बसलो. आई शेजारी भाजी निवडत होती. स्टोव्ह हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "हे तर आपल्या ताटांवर नाव टाकतात तसं दिसते." तिने उठून फडताळातलं लग्नातलं ताट आणलं. भांडे ओळीत खरेदी केलं की दुकानाबाहेर बसलेला माणूस मशीनने टिकटिक करत नाव आणि तारीख टाकून देतो ना, हुबेहूब तीच अक्षरं. ठिपक्याठिपक्यांची, कडेला बारीक धारदार कोर उठलेली. नखाने ओढली तर बोचते. कारखान्यात ठसा एका दाबात बसतो, त्याची खोली सारखी असते, आणि शंभर वर्षं घासून कडा गुळगुळीत होतात. बर्नरवरचं नाव तसंच होतं, म्हणून तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक डोळ्यात खुपला. बर्डीवर मी ती शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

शिवाय ते 1892. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने स्टॉकहोममध्ये बिनकाजळीच्या रॉकेलच्या स्टोव्हचा धंदा सुरू केला ते हे साल. पुढे बी. ए. योर्ट कंपनी ते स्टोव्ह जगभर विकू लागली, हीच कंपनी नटबोल्टाचे सरकते पान्हेही विकायची. म्हणजे 1892 ही प्रायमसची जन्मतारीख झाली, माझ्या स्टोव्हची नव्हे. या कंपनीने टाकीवर वर्षाची खूण घालायला सुरुवात केली 1911 मध्ये, आणि तीही आकड्यात नाही, इंग्रजी अक्षरात. 1911 ला 'ए', मग पुढे. चार आकडी साल ठळक दिसलं की संशय यायला हवा होता. मला उलट आनंद झाला होता.

पण खरी लबाडी तळाला होती. तळ काळाकुट्ट, काजळीचा जाड थर, आणि मी त्याला म्हातारपण समजलो होतो. आता विचार करा. प्रायमसची सगळी ख्याती काजळी धरत नाही अशी होती, आणि ज्योत असते वर. फारतर पातेल्याचं बूड काळं होईल. टाकीच्या पोटाखाली काजळी येणार कुठून? ती दिव्यावर धरून मुद्दाम चढवलेली होती. धुतल्यावर खाली रुपयाएवढी जागा कानशीने घासलेली निघाली.

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तसं केलं. घासूनही थोडा ठसा उरला होता. एका चौकटीची कड आणि खाली '342'.

इतवारीत एक म्हातारे काका अजून स्टोव्ह दुरुस्त करतात. रॉकेल गेलं, गिऱ्हाईक गेलं, आता ते मिक्सरही उघडतात. त्यांनी कागद पाहिला आणि हसलेच. "तुमाले कोनं सांगतलं हा सोईडनचा हाय म्हून? हे आयएसआय हाय भाऊ. तेरासे बेचाळीस. आमच्या दुकानात असे ढिगानं यायचे."

आयएस 1342 हे प्रेशर स्टोव्हचं भारतीय मानक. आयएसआयचा शिक्का द्यायला सुरुवात झाली 1955 च्या सुमाराला. म्हणजे छावणीतले गोरे निघून गेल्यावर सात-आठ वर्षांनी, लवकरात लवकर. कोणीतरी आपल्याकडचा चांगला स्टोव्ह घेतला, त्यावरचा खरा शिक्का घासून खोटा टाकला. शिक्का राहू दिला असता तर मी तोच सहाशे-सातशेला हौसेने घेतला असता. आमच्या घरी तसलाच होता, पहाटे त्याच्या भरभर आवाजाने जाग यायची.

काकांनी टाकी बंद करून बादलीत बुडवली, पंप मारला. खालच्या जोडावर बुडबुडे. "डाग सुटला हाय. पेटवला असता तं?" मी काही बोललो नाही. त्या शनिवारी पचमढीला न्यायचं ठरलं होतं, तंबूत चहा करायचा बेत होता. स्टोव्ह कितीही सुंदर दिसो, बादलीत बुडवल्याशिवाय काकडा लावू नका, एवढं तरी माझं ऐका.

विकणाऱ्याला फोन केला. पावती नव्हती, पैसे रोख दिलेले. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी जुना म्हटलं होतं, जुना आहे." मी भडकलो आणि रागाच्या भरात त्याला सगळं ऐकवलं: ठसा कसा असतो, 1892 का चालत नाही, खऱ्या प्रायमसवर वर्षाचं अक्षर असतं, 1911 चं 'ए' असतं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

तीन आठवड्यांनी त्याच मित्राने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, घेऊ का विचारायला. पितळी स्टोव्ह, पत्र्याचा डबा, गोष्ट या वेळी पुलगावच्या लष्करी डेपोची. टाकीवर साल नव्हतं. एकच अक्षर होतं, 'ए'. फोटो मोठा करून पाहिला, ठिपक्याठिपक्यांचं.