बंगळूरचं एचएएल संग्रहालय: इंजिनांच्या दालनात रेंगाळा

जुन्या एअरपोर्ट रोडवरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) हेरिटेज सेंटर आणि एरोस्पेस संग्रहालयात बरेच जण बाहेर मांडलेल्या विमानांपाशी फोटो काढतात आणि निघतात. तसं करू नका. भोसरीत माझं सीएनसी वर्कशॉप आहे, विमानांच्या पिना, बुश, ब्रॅकेट अशी थोडी कामं आम्हीही करतो. भारतातला विमान बनवण्याचा धंदा कुठवर आलाय आणि कुठे अडलाय, हे मला या जागेइतकं कुठेच नीट दिसलं नाही.

आत एका दालनात १९४० पासूनचा दशकवार फोटोंचा प्रवास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तीच पुढे एचएएल झाली, आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये तिथे जोडलेलं अमेरिकी हार्लो विमान उडालंसुद्धा. परक्या आराखड्याचं होतं, पण उडालं. आपल्या आराखड्याचं एचटी-२ हे वैमानिकांच्या शिकवणीचं विमान आलं १९५१ मध्ये. ते रचणारे डॉ. वि. मा. घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्राचे मोठे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. मुलांना घेऊन गेलात तर एचटी-२ समोर उभं राहून हे नाव त्यांना जरूर सांगा.

बाहेर 'मरुत' हे भारतात बनलेलं जेट लढाऊ विमान आहे. त्याच्या शेपटाकडे जा आणि शेजारीशेजारी बसवलेली दोन धुरांडी बघा. पुढून येणारी निमुळती कंबर, पत्र्याची वळणं, सगळं इतकं देखणं की पाय निघत नाही. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या हाताखाली बनलेलं हे विमान १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. आराखडा ज्या ताकदवान ब्रिटिश ऑर्फियस इंजिनासाठी केला होता, ते पूर्ण करायला लागणारा पैसा आपण घातला नाही, ब्रिटिशांनीही घातला नाही. शेवटी कमी ताकदीच्या ऑर्फियस ७०३ वर भागवलं, आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्वप्न बघितलेलं विमान त्या वेगाच्या जवळपासही गेलं नाही.

हे डोक्यात ठेवून मग इंजिनांच्या दालनात या. इथे इंजिनं मधोमध कापून ठेवलीत, मोटरवर ती हळूहळू फिरतात. हवा दाबणाऱ्या काँप्रेसरची पाती पुढून मागे लहान लहान होत जातात, मग ज्वलनकक्ष, त्याच्यामागे गरम वायूच्या जोरावर फिरणारं टर्बाइन. या टर्बाइनच्या पात्यांपाशी मी खूप वेळ थांबलो. आजच्या लढाऊ इंजिनांत या जागी येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. म्हणून पातं निकेलच्या मिश्रधातूचं, एकाच स्फटिकात ओतलेलं आणि आतून थंड हवेच्या बारीक वाटा असलेलं. मायक्रॉनमध्ये टर्निंग-मिलिंग करणारी दुकानं आपल्याकडे पुण्यात, बेळगावात, बंगळुरात भरपूर आहेत. हे पातं ओतणारी फारच थोडी. खरा पैसा आणि खरा मान तिथेच आहे.

मरुतची गोष्ट अजून संपलेली नाही, असं मला वाटतं. 'कावेरी' या देशी जेट इंजिनाचं काम १९८९ पासून चाललं, पण तेजस या आपल्या लढाऊ विमानाला ते मिळालं नाही. तेजस मार्क-१ए ची ८३ विमानं २०२१ मध्ये आणि आणखी ९७ सप्टेंबर २०२५ मध्ये मागवली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या नव्या लाइनवरचं पहिलं मार्क-१ए उडालं, तेव्हा छाती भरून आली. तरी त्यातलं इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं, आणि २०२१ च्या ऑर्डरमधलं पहिलं इंजिन हाती पडलं मार्च २०२५ मध्ये. तोवर सांगाडे तयार होऊन वाट बघत होते. बडोद्याला टाटा-एअरबसच्या कारखान्यात ५६ पैकी ४० सी-२९५ मालवाहू विमानं जोडली जाणार आहेत. उत्तम आहे, कामं वाढतील, माझ्यासारख्यांच्या ऑर्डरीही वाढतील. पण जीईच्या एफ-४१४ इंजिनाच्या तंत्रज्ञानातून आणि फ्रान्सच्या सफ्रान कंपनीबरोबरच्या नव्या इंजिनातून ओतकामाची विद्या इथे उतरली, तरच मी याला वाढ म्हणेन.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या सरांनो, औद्योगिक सहलीत ही जागा घ्याच. सकाळी गेलात तर बाहेरची विमानं ऊन चढायच्या आत बघून होतात. मग इंजिनांसाठी निवांत दोन तास ठेवा, आणि पोरांना एकेक पातं वहीत काढायला लावा.