डुप्लेक्सरचा डबा आणि १४६.९४

ट्रान्सपोर्ट नगरातून माल सोडवायला मी शेजारच्या मुलाला मुद्दाम सोबत नेलं होतं. ओझं दोन माणसांचं असणार, ही माझी खात्री. हमालाने खोकं एका हाताने उचललं आणि स्कूटरच्या पायाशी ठेवलं. "बस, इतना ही है, भिया." पोटात गोळा आला तो तिथेच, खोकं उघडायच्या आधी.

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. ३६,००० रुपये, दोन हप्त्यांत, यूपीआयने.

आम्हा चार-पाच हॅम, म्हणजे हौशी वायरलेसवाल्या, मंडळींना इंदूरात दोन मीटर बँडचा रिपीटर उभा करायचा होता: दुबळा सिग्नल ऐकून तोच जोरात पुढे फेकणारं यंत्र. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या निघतात तेव्हा राजवाड्याच्या बाजूला मोबाइलवर नुसतं चाक फिरत राहतं. हातात वॉकीटॉकी असलेल्या पोरांना गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलता यावं, एवढीच इच्छा. परवानगीचे कागद क्लबच्या नावाने हलवले होते. नवा रिपीटर खिशाबाहेरचा, म्हणून जुनी वाट धरली: कारखान्यांतून बाद झालेले मोटोरोलाचे जीएम-३०० सेट. एक ऐकायला, एक बोलायला, मध्ये दोघांना जोडणारा कंट्रोलर. सेट दणकट. फक्त त्यांचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर डॉसचं आहे आणि वेगवान कॉम्प्युटरवर ते बिथरतं. त्यासाठी मी एक जुनाट ४८६ कॉम्प्युटर जपून ठेवला आहे. आमची ही दर दिवाळीला तो रद्दीवाल्याला द्यायला सांगते.

सेट मिळतात. अडतं ते डुप्लेक्सरपाशी. एकाच अँटेनावरून एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं, तर दोघांच्या मध्ये भिंत हवी. रिसीव्हर ऐकतो पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल आणि त्याच्या कानाशी २५ वॅटचा ट्रान्समीटर ओरडत असतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, डीजेच्या गाडीला टेकून कुणाची कुजबुज ऐकायची, तसा प्रकार. कमर्शियल वायरलेसमध्ये या दोन फ्रिक्वेन्सींत पाचेक मेगाहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे तिथे छोटा, चपटा डुप्लेक्सर चालून जातो. आपल्याकडे दोन मीटरवर अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. त्याला मोठ्या कॅव्हिटी, म्हणजे ट्यून केलेली धातूची नळकांडी लागतात, चार नाहीतर सहा. या बँडची पाव तरंगलांबी होते साधारण ५२ सेंटिमीटर, म्हणजे एकेक नळकांडं गुडघ्याएवढं उंच. हे सगळं मला पाठ होतं. क्लबात नव्या पोरांना मीच शिकवतो. तरी फसलो.

सेट आणि डुप्लेक्सर एकत्र विकणारा पुण्याकडचा. पहिल्याच फोनवर, "अरे वा, इंदूरचे मराठी का? मग तुम्हाला भाव वेगळा." होळकरांच्या गावात मराठी कानावर पडलं की आम्ही जरा लवकरच विरघळतो, ते त्याला माहीत असावं. मला हॅम लोकांसारखं 'ओएम' (ओल्ड मॅन, म्हणजे मित्रा) म्हणायचा, मेसेजखाली '७३' (शुभेच्छा) लिहायचा, स्वतःचा कॉल साइनही, म्हणजे परवान्यावरचं हॅमचं नावही दिलं. म्हटलं, सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर या, दोन शब्द बोलू. तर म्हणे गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललंय, अँटेना उतरवून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यातही वॉटरप्रूफिंगच. तो कॉल साइन ज्यांचा होता ते गृहस्थ सायलेंट की होऊन, म्हणजे वारून, बरीच वर्षं झाली, हे मला क्लबातल्या एका ज्येष्ठ काकांनी सांगितलं, पैसे गेल्यावर. आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं.

त्याने व्हिडिओ पाठवला. डुप्लेक्सरच्या एका तोंडाला सेट, दुसरीकडे वॉटमीटर आणि अँटेनाऐवजी डमी लोड; बटण दाबलं की काटा चढतो. मग त्या सेटचं बटण सोडून दुसऱ्या सेटवर हँडसेटचा आवाज खणखणीत ऐकवला. मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. बोलणं वेगळं दाखवलं, ऐकणं वेगळं दाखवलं, दोन्ही एका वेळी एकदाही नाही. आणि डुप्लेक्सरचं सगळं काम त्या 'एका वेळी'तच असतं. ट्रान्समीटर बंद असताना तर साधा टी-कनेक्टरसुद्धा पास होईल.

शंका एकदाच आली. विचारलं, ट्यूनिंग ६०० किलोहर्ट्झवर आहे ना? अर्ध्या तासात अ‍ॅनालायझरच्या स्क्रीनचा फोटो आला. आलेखात दोन सुरेख खोल दऱ्या, म्हणजे डुप्लेक्सर अडवतो त्या फ्रिक्वेन्सी, मार्कर लावलेले. मी अंतर मोजलं, बरोबर ६००. त्याच दुपारी उरलेले २१,००० पाठवले. मार्करचे आकडे होते १४६.३४ आणि १४६.९४. भारतात आपला बँड १४६ मेगाहर्ट्झला संपतो हो! १४८ पर्यंत जातो तो अमेरिकेत, आणि चौतीस-चौऱ्याण्णव ही तिकडची जुनी, प्रसिद्ध रिपीटर जोडी. फोटो कुठल्या तरी अमेरिकन हॅमच्या शॅकमधला, म्हणजे रेडिओच्या खोलीतला होता. वजाबाकी करण्याच्या नादात मी मूळ आकडेच वाचले नाहीत.

खोक्यात निघाला तो चपटा डबा, टिफिनपेक्षा थोडा मोठा. ट्यूनिंगच्या स्क्रूंवर ताजं लाल नेलपॉलिश, जणू आत्ताच सील केलंय. वर घरच्या प्रिंटरवर काढलेलं लेबल: '१४४-१४६, ६०० किलोहर्ट्झ'. नखाने कोपरा उचलला तर खाली कंपनीचं मूळ लेबल होतं, किमान अंतर ५ मेगाहर्ट्झ.

तरी जोडून पाहिलं, आशा सुटत नाही. मित्राला हँडसेट देऊन अन्नपूर्णा मंदिरापाशी उभं केलं. त्याने बटण दाबलं की रिपीटर उठायचा, उठल्याबरोबर स्वतःच्याच आवाजाने बहिरा व्हायचा, बहिरा झाला की ट्रान्समीटर बंद, बंद झाला की पुन्हा ऐकू यायचं. टक, खर्र, टक, खर्र. मित्र विचारतोय, "माझा आवाज येतोय का?" त्यातलं मला फक्त "मा" आणि "का" मिळालं. सेटचंही असंच. 'प्रोग्राम करून दिले' म्हणाला होता, आत जुन्या कारखान्याचीच चॅनेल.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी गोड, मग थंड. "तक्रार करायची तर करा. पोलिस आधी तुम्हालाच विचारतील, वायरलेस सेट घरात कसे आले." या वाक्यावर त्याचा धंदा चालतो. वायरलेस सेट विकायला आणि बाळगायला परवाना लागतो, त्यामुळे कच्च्या कागदावर घेणारा माणूस ठाण्याची पायरी चढायला घाबरतो. मीही दोन दिवस घाबरलो. माझा हॅम परवाना चालू आहे, पण विकणाऱ्याकडे डीलरचा परवाना आहे का, बिल देणार का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रारीचा नंबर मिळाला. पैसे मात्र तोवर त्या खात्यातून निघून गेले होते. पहिल्या काही तासांत फोन केला असता तर थांबायची आशा तरी होती.

आता कुणी माझ्याकडे असा सौदा घेऊन आलं की मी व्हिडिओ कॉलच लावायला सांगतो, रेकॉर्ड केलेलं नको. दोन्ही सेट डुप्लेक्सरला जोडा, दूरच्या खोलीतून अगदी अशक्त सिग्नल सोडा आणि तो ऐकू येत असताना ट्रान्समीटर चालू करा. ट्रान्समीटर चालू झाल्यावर खरखर वाढली तर फोन ठेवायचा. डुप्लेक्सरची उंची दिसावी म्हणून शेजारी शिवणाची टेप धरा असं सांगतो, तेव्हाच निम्मे गळतात.

चपटा डबा मी गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून लावला आहे. परवा क्लबातल्या एका पोराने मोबाइल पुढे केला: "दादा, हे घेऊ का? भाव चांगला आहे." ३४,०००. दोन सेट, कंट्रोलर, डुप्लेक्सर, आणि खाली अ‍ॅनालायझरचा फोटो. मार्कर १४६.९४ वरच.