बार मित्स्वाचं जेवण: बाहेरचा केटरर की समाजातला?

आम्हा ज्यूंमध्ये मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली की तो सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतो; तो सोहळा म्हणजे बार मित्स्वा. थोरल्याच्या बार मित्स्वाला आम्ही ठाण्यातला एक मोठा केटरर ठरवला होता, धाकट्याच्या वेळी समाजातल्या दोघी बहिणी. आता ज्यांच्या घरी मुलाला तेरावं वर्ष लागतंय, त्यांच्यासाठी हे लिहितो.

माणसं दोनशेच्या पुढे जाणार असतील तर बाहेरचा केटरर सोयीचा, हे मान्यच. वाढपी, टेबलं, मांडव, सगळं त्याचं. मटण मात्र शोहेतच्या (धर्मनियमाने जनावर कापणाऱ्याच्या) हातचं तुम्हीच आणून द्यायचं. तेही अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून, तीनदा धुऊन. डेगाही आम्ही नव्या घेतल्या होत्या.

अडलं ते दह्यावर. मांसाच्या जेवणात दूध, दही, तूप काही नको, असं आचाऱ्याला आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. त्याने मनापासून होकारही दिला. पण हाताला वळण पडलेलं. सकाळी जाऊन पाहिलं तर पहिल्या डेगेच्या मटणाला दही लावून झालेलं. तेवढं मटण गेलं. दुसऱ्या डेगेपाशी मेहुण्याला उभं केलं, आणि ज्या भाच्याला त्याने पाठ शिकवले त्याचंच तोरावाचन त्याला ऐकता आलं नाही. हे मला अजून लागतं.

बहिणींना काही सांगावंच लागलं नाही. त्यांच्या घरी मटण पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या दुधातच शिजतं, जेवणानंतरचा गव्हाच्या चिकाचा हलवाही त्यातलाच. मलिदाही (विधीसाठीचे गोड पोहे) त्यांनीच केला. अडचणी आहेत: शंभर-सव्वाशे पानांपुढे त्या घेत नाहीत, पदार्थ मोजकेच, वाढायला माणसं आपण बघायची, आणि पानामागे आम्हाला थोडं जास्तच पडलं.

पूर्ण शाकाहारी केटररचाही विचार करता येईल. मांस-दुधाचा प्रश्नच मिटतो. तरी पालेभाजीतले किडे, चीजमधलं रेनेट (ते वासराच्या जठरातलं असू शकतं), पुडिंगमधलं जिलेटिन (ते जनावराच्या हाडा-कातड्याचं असू शकतं) पाहावं लागतं. इस्रायलहून येणाऱ्या पाहुण्यांपैकी काहींना चूल ज्यू माणसाने पेटवलेली लागते, तेही आधी विचारून घ्या.

तारीख शक्यतो सोमवार किंवा गुरुवार धरा. त्या दिवशीही तोरा वाचतात आणि सकाळी स्वयंपाक करता येतो. शाब्बाथला, म्हणजे शनिवारी, धरलात तर त्या दिवशी चूल पेटवता येत नाही, म्हणून सगळं शुक्रवारी सूर्यास्ताआधी शिजून तयार हवं.

प्रत्येकाची गरज वेगळी, माझा आग्रह नाही. धाकट्याच्या वेळी मात्र मेहुणा आणि मी पहिल्या बाकावर बसून त्याचं वाचन शेवटपर्यंत ऐकलं.