घोषवाक्याचा ट्रेडमार्क : आठ महिन्यांचा अनुभव

आमचा प्रवासी पिशव्यांचा व्यवसाय. 'टाका उसवेल, शब्द नाही' हे आमचं घोषवाक्य नोंदणीकृत होऊन आठ महिने झाले. अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत दीड वर्ष लागलं.

खरं तर आम्ही 'टिकाऊ पिशवी, वाजवी दाम' नोंदवायला निघालो होतो. वकिलांनी तिथेच अडवलं, आणि आज वाटतं की त्यांची फी तिथेच वसूल झाली. मालाचं नुसतं वर्णन करणारं वाक्य सगळ्यांनाच लागतं, ते एकाच्या नावावर होत नाही. वाक्य वाचून 'हा माल यांचा' असं ग्राहकाच्या मनात यायला हवं. वाक्यात स्वतःची स्तुती असली म्हणून ते आपोआप बाद होत नाही, हेही तेव्हाच कळलं. ऑडीच्या जर्मन घोषवाक्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये तसाच निकाल दिला आहे.

तरी ट्रेडमार्क कार्यालयातल्या परीक्षकांची हरकत आलीच : हे जाहिरातीचं वाक्य आहे, ओळखचिन्ह नव्हे. मग वापराचे पुरावे गोळा करायला बसलो. सुरुवातीच्या पिशव्यांवर आम्ही वाक्य समोरच मोठ्या अक्षरांत छापलं होतं. ते फारसं उपयोगी नव्हतं, कारण तशी छपाई नक्षी म्हणूनच पाहिली जाते. कामी आलं ते आतल्या शिवणीत बसवलेलं बोटभर कापडी लेबल, वर आमचं नाव आणि खाली वाक्य. सोबत तारखेची बिलं आणि खोक्यांचे फोटो जोडले. अर्ज करायचा असेल तर असे पुरावे पहिल्या दिवसापासून जपा, नंतर जुळवताना जीव जातो.

प्रमाणपत्राचा उपयोग दुसऱ्याच महिन्यात झाला. एका विक्रेत्याने आमचं वाक्य जसंच्या तसं स्वतःच्या पिशव्यांवर छापलं होतं. नोंदणी क्रमांकासह पत्र गेलं आणि नवव्या दिवशी वाक्य उतरलं. मात्र हे शोधलं आम्हीच. नोंदणी झाली म्हणून आपल्या वतीने कुणी बाजारावर नजर ठेवत नाही. दुसऱ्या एकाने 'शब्द पाळणारा टाका' वापरलं, ते आम्ही सोडून दिलं. 'टाका' आणि 'शब्द' हे शब्द काही आमच्या मालकीचे नाहीत.

चूक झाली ती वर्गाच्या निवडीत. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. पिशव्या १८ मध्ये येतात, दुरुस्ती ३७ मध्ये. आम्ही दुरुस्तीही करतो, पण पैसे वाचवायला अर्ज फक्त १८ चा केला. पुढे एका दुरुस्तीवाल्याने हेच वाक्य पाटीवर लावलं, तेव्हा तेच पत्र पाठवणं सोपं राहिलं नाही. सेवा मालाशी मिळतीजुळती आहे, हे आधी पटवून द्यावं लागतंय.

३७ चा अर्ज आता परीक्षणात आहे. तोवर दुरुस्तीच्या पावतीवर आम्ही 'टीएम', म्हणजे ट्रेडमार्क असल्याचा नुसता दावा, एवढंच छापतो. वर्तुळातला 'आर', म्हणजे नोंदणीची खूण, फक्त पिशवीच्या लेबलवर.