शिआन: नंबर बरोबर होता, बस खोटी होती

लिहायला लाजच वाटतेय, कारण चीनमधल्या शिआन स्टेशनबाहेर टेराकोटा आर्मीच्या (चीनच्या पहिल्या बादशहाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक) नावाने खोट्या बसेस लागतात हे मी निघायच्या आधीच वाचलं होतं, बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगूनही झालं होतं, आणि तरी आम्ही तिघं (मी, बायको आणि सासरे, म्हणजे अप्पा) बरोब्बर त्याच बसमध्ये जाऊन बसलो.

झालं असं की पुतळे आहेत लिंटोंगला, शहरापासून साधारण 40 किमी, आणि स्टेशनसमोरून 306 नंबरची बस जाते हे सगळीकडे लिहिलेलं असतं. आम्ही चौकात पोचलो तर समोर हिरवी बस, काचेवर 306, पुतळ्यांचा फोटो, आणि गळ्यात आयकार्ड घातलेली एक बाई थोडंफार इंग्रजी बोलत हात करतेय. आम्ही म्युझियमच्या एंट्रीची तिकीटं आधी बुक केली नव्हती, आमच्या फोनवर ते काही जमलंच नाही. तिला हे सांगितलं आणि तिथेच चूक झाली. लगेच म्हणाली आजची तिकीटं संपली, पण आमच्याकडे कोटा आहे, माणशी 150 युआन. आपले साधारण पावणेदोन हजार. कॅशच हवी म्हणाली. पासपोर्ट विचारलाच नाही. खरं तिकीट 120 युआनचं आहे आणि ते पासपोर्ट दाखवल्याशिवाय मिळत नाही, हे मला माहीत होतं हो! पण मागे माणसं चढत होती, ती बाई चला चला करत होती, दिले पैसे.

तासाभराने बस एका मोठ्या गेटशी थांबली. आत अंधारा हॉल, निळे दिवे, आणि बादशहाचा 'भूमिगत महाल', पाऱ्याच्या नद्यांसकट. पाऱ्याच्या नद्यांचं वर्णन जुन्या चिनी इतिहासात आहे हे खरं, पण त्या बादशहाची, छिन शी ह्वांगची, मुख्य कबर अजून उघडलेलीच नाहीये, वर नुसता झाडीने भरलेला टेकाड आहे. म्हणजे तुम्हाला कोणी कबरीच्या आत नेतो म्हणाला तर तो मॉडेलच दाखवणार, दुसरं काही शक्यच नाही. मला हे आठवलं कधी, तर निम्मा हॉल बघून झाल्यावर. पुढच्या खोलीत तीसेक पुतळे ओळीत उभे. बायको म्हणाली, अरे ह्या सगळ्यांचा चेहरा एकच आहे. खऱ्या सैनिकांचं सगळं कौतुकच हे की प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

मग दुकान. दुकानात एक आजोबा पुस्तकांवर सह्या करत बसलेले, 1974 मध्ये विहीर खणताना ज्या शेतकऱ्यांना पहिले तुकडे सापडले त्यातलेच हे म्हणे. अप्पा आयुष्यभर अकाउंट्समध्ये, ते त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाले, "ह्यांचं वय साठच्या वर नाही. म्हणजे दहाव्या वर्षी विहीर खणत होते का?" पुस्तकाचे पैसे वाचले. पण त्याच्या शेजारच्या काउंटरवर बायकोने 200 युआनचं 'जेड'चं ब्रेसलेट घेतलंच, त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, ती पण हे वाचणारे.

बाहेर आलो तर बाई म्हणे टूर संपली, आता बस परत शहरात. मी तिकीट नाचवत आवाज चढवला तर तिचं इंग्रजी एकदम संपलं. शेवटी रस्त्यावर टॅक्सी पकडली, फोनवर बिंगमायोंग (पुतळ्यांचं चिनी नाव) लिहिलेलं दाखवलं, दहा मिनिटांत खऱ्या म्युझियमच्या दारात! खिडकीवर पासपोर्ट दिले, त्याच दिवसाची तिकीटं मिळाली. संपलीबिंपली काही नव्हती.

आणि खरं काय ते, सैनिक जिथे सापडले त्या पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी उभं राहिल्यावर कळतं. 230 मीटर लांब, वर विमानाच्या हँगरसारखं छप्पर, खाली रांगाच रांगा, मागच्या बाजूला अजून तुकडे जुळवायचं काम चालू. अप्पा पंधरा मिनिटं काही बोललेच नाहीत. पण तीन तास वाया गेल्याने दुसरा, तिसरा खड्डा पळत पळत उरकावा लागला आणि त्याच तिकिटात ते कबरीचं टेकाड असलेली बाग येते ती राहिलीच, ह्याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

तर जाणाऱ्यांनो, 306 वाईट नाही, खरी 306 फार स्वस्त आहे, तिचं तिकीट आत बसल्यावर मिळतं. खाली उभं राहून कोणी बसबरोबर एंट्रीचे पैसे मागितले की सरळ पुढे चालायला लागा. नाहीतर मेट्रोची 9 नंबर लाईन हुआछिंग छी पर्यंत जाते, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. आणि एंट्रीचं तिकीट हॉटेलवाल्यांच्या मदतीने आदल्या दिवशीच काढून ठेवा, आम्ही फसलो ते त्याच भीतीपोटी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या हंस पॅगोडाला गेलो. भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला चिनी भिक्खू युआन श्वांगने 652 मध्ये बांधवून घेतलेला. हा माणूस आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि वैऱ्याला सोडत नाहीत असं लिहून गेलाय. अप्पांनी मला तिथेच विचारलं, मग त्या बाईला तू कसं काय सोडलंस?