निळ्या एलईडीसाठी चांदी की सोनं?

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर सोन्याचा मान मोठा. निळ्या एलईडीची चमक वाढवायला धातूचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, वापरायचे असतील, तर मात्र माझं मत चांदीला, तेही ठामपणे.

कारण रंगात आहे. धातूच्या नॅनोकणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीला एकत्र डोलतात. तो ताल एलईडीच्या रंगाशी जुळला, तर अर्धवाहकातली ऊर्जा उष्णतेत वाया जाण्याआधीच या डोलण्याकडे वळते आणि तिथून प्रकाश होऊन बाहेर पडू शकते. निळ्या एलईडीतल्या गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकालगत चांदीचा ताल निळ्याच्या जवळ बसतो, सोन्याचा हिरव्याकडे सरकतो. शिवाय सोनं निळा प्रकाश गिळतं. म्हणून तर ते पिवळं दिसतं! 2004 मध्ये संशोधक ओकामोतो आणि सहकाऱ्यांनी लेसरने उजळवलेल्या अशा अर्धवाहकाच्या नमुन्यांवर धातूचे पातळ थर देऊन पाहिलं. चांदीने चमक 14 पट वाढली, ॲल्युमिनियमने 8 पट, सोन्याने जवळपास नाहीच. चालू एलईडीत एवढी झेप मिळत नाही, कारण धातू प्रकाशाच्या थरापासून काही नॅनोमीटरवर हवा आणि वरचा थर सहसा त्याहून बराच जाड असतो.

सोन्याची जमेची बाजू टिकाऊपणाची. विश्रामबागच्या घरी आईचे चांदीचे पैंजण हवेतल्या गंधकाने काळे पडतात. दर दिवाळीला ती ते रांगोळीने घासते. नॅनोकण कोण घासणार? त्यांना सिलिकाचं पातळ कवच द्यावं लागतं.

तांबडा एलईडी असेल, तर मी सोन्याचा विचार नक्की करेन.