घसरणारा गिअर लिव्हर: जुनाच दुरुस्त करावा की रॅचेटवाला बसवावा?

जुन्या रोड सायकलच्या डाउनट्यूबवरचे (हँडलकडून पॅडलकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीवरचे) बिनटप्प्याचे, म्हणजे खटक्याशिवाय हलणारे गिअर लिव्हर आपोआप घसरायला लागले की दोन वाटा उरतात. आहे तोच लिव्हर खोलून साफ करायचा आणि लागतील ते वॉशर बदलायचे, किंवा आत रॅचेट (एकाच दिशेला मोकळं फिरू देणारी दातेरी रचना) असलेला लिव्हर शोधून त्या जागी लावायचा. मी दोन्ही वापरले आहेत आणि दोन्हींनी सायकल व्यवस्थित चालते. तरी माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, आणि ते एकाच त्रासामुळे.

पण खर्चात पडण्याआधी लिव्हरच घसरतोय ना, ते बघा. आधी चेन मागच्या मोठ्या कॉगवर (दातेरी चकतीवर) घ्या. मग चिकटपट्टीचा एक तुकडा लिव्हरच्या बुडाशी आणि एक शेजारी ट्यूबवर लावा, दोन्हींवरून पेनाने सलग रेघ मारा. आता लिव्हरला हात न लावता नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने थोडं फिरून या. चेन उतरली आणि रेघ तुटलेली दिसली, तर दोष लिव्हरचा. चेन उतरली पण रेघ जुळलेलीच आहे, तर लिव्हरला हात लावू नका. अशा वेळी बहुतेकदा मागच्या डीरेलरजवळचा (चेन सरकवणाऱ्या यंत्रणेजवळचा) आउटरचा, म्हणजे केबलवरच्या नळीचा, वळसा आत गंजलेला असतो. केबल तिथे अडकते, गिअर पडल्यासारखा वाटतो आणि पुढच्या खड्ड्याला ती मोकळी झाली की चेन सरकते. क्रँकखालच्या केबलच्या खाचेत पावसाळ्यातला चिखल वाळून बसला असेल, तरी हेच होतं. १.२ मिमीची नवी इनर (आतली तार), मागचा आउटरचा तुकडा आणि ती खाच साफ करणं एवढ्यावर काम भागतं. तिसरं कारण म्हणजे जुनी बारीक नळ्यांची फ्रेम. पॅडलवर उभं राहिलं की ती क्रँकपाशी लवते आणि तेवढ्यापुरती केबलच्या ताणात फरक पडतो. त्यावर कोणताच लिव्हर औषध नाही.

आता लिव्हर का घसरतो ते. मागच्या डीरेलरची स्प्रिंग केबलमधून लिव्हरला सतत पुढे खेचत असते. साध्या लिव्हरमध्ये तिला थोपवणारं दुसरं काही नसतं, फक्त स्क्रूने दाबलेले वॉशर. म्हणजे वॉशरचं घर्षण निदान स्प्रिंगच्या ओढीइतकं हवंच. पण लिव्हर मागे ओढताना तेच घर्षण आपल्याही आडवं येतं: हाताला स्प्रिंगही ओढायची आणि वॉशरही. जोर किमान दुप्पट लागतो. स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते ती सर्वांत मोठ्या कॉगवर, आणि तो कॉग आपण वापरतो चढावर. म्हणून ओझर-निफाडच्या सपाट रस्त्यावर गुणी वागणारा लिव्हर मोहदरीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात सुटतो.

जुना लिव्हर दुरुस्त करायचा असेल तर काम तासाभराचं आहे, पण क्रम सोडू नका. चेन सर्वांत लहान कॉगवर आणा, म्हणजे केबल सैल पडेल. लिव्हरवरचा, बोटांनी पिळायची कडी असलेला स्क्रू सोडा आणि एकेक भाग निघेल तसा कापडावर ओळीने मांडा, फोटो काढून ठेवा. वॉशरांचा क्रम चुकला की बाकी सगळी मेहनत वाया. साफ करायला पेट्रोल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि घसरण तिथूनच पुन्हा सुरू होते. थिनर प्लास्टिकचे वॉशर खाऊ शकतो. धातूच्या वॉशरला चकाकी आली असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर गोल गोल फिरवा. पृष्ठभाग सारखा मंद दिसला की पुरे. वॉशर वाकलेला असेल तर तेही काचेवर लगेच कळतं.

यानंतर दोन गोष्टी तपासाव्या लागतात आणि दुकानात त्या सहसा राहून जातात. पहिली, स्क्रू तळाला टेकतोय का. केबल न लावता सगळं जोडा आणि स्क्रू पूर्ण आवळा. स्क्रू थांबला तरी लिव्हर सैलच फिरत असेल, तर वॉशर झिजून पातळ झालेत आणि स्क्रू त्यांना दाबण्याआधीच तळाला लागतोय. अशा स्क्रूवर कितीही जोर लावला तरी आटेच जातील. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा एक पातळ वॉशर वाढवला की प्रश्न सुटतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फ्रेमच्या खुंटाला (लिव्हर ज्यावर बसतो त्याला) चपट्या बाजू असतात आणि काही वॉशरांच्या भोकालाही तशाच चपट्या बाजू असतात. हे वॉशर खुंटाला धरून स्थिर राहतात, त्यामुळे लिव्हरची फिरकी स्क्रूपर्यंत पोचत नाही. भोक झिजून गोल झालं किंवा कुणी तिथे साधा गोल वॉशर टाकला, तर तो लिव्हरबरोबर फिरतो आणि स्क्रूलाही फिरवतो. उजवा (मागच्या गिअरचा) लिव्हर मागे ओढण्याची दिशा ही स्क्रू सैल होण्याची दिशा आहे, डाव्याची (पुढच्या गिअरच्या) आवळण्याची. तुमचा उजवाच लिव्हर वरचेवर सैल होत असेल आणि डावा ठीक असेल, तर आधी हा वॉशर बघा.

तसा वॉशर तयार मिळणं कठीण. नाशिककरांची एक सोय आहे: सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये नमुना दाखवून पितळेचा किंवा डेल्रिनचा (कडक प्लास्टिकचा) वॉशर करून घेता येतो. गोल भाग लेथवर सहज होतो, चपट्या बाजू मात्र खुंटावर घालून बघत कानशीने जुळवाव्या लागतात. नळाचे फायबर वॉशर वापरू नका, ते पाण्याने फुगतात. रबर तर नकोच. रबर दबतं आणि परत उसळतं, लिव्हर जिथे सोडाल तिथे राहत नाही.

जोडताना लिव्हर ज्या बुशवर फिरतो तिथे ग्रीसचा नुसता हात फिरवा. घासणारे पृष्ठभाग कोरडे ठेवा. स्क्रूला थ्रेडलॉक (आटे चिकटवणारं द्रव) लावायचा मोह होतो, पण ती कडी चालत्या सायकलवर हाताने आवळायसाठीच दिलेली आहे. स्क्रू चिकटवला की तो उपयोग संपला. चेनला किंवा गंजावर स्प्रे मारताना लिव्हरवर कापड टाका. साफ केलेले वॉशर पुन्हा तेलकट होतात ते बहुधा याच वाटेने.

इतकं नीट केलं की साधा लिव्हर छान चालतो. मला खटकलं ते यापुढचं. तो घट्टपणा टिकत नाही. रम्बलर आणि खड्डे सोसत एखादी लांबची फेरी झाली की स्क्रू पाव वळसा मागतो. चढावर सुटू नये म्हणून आधीच जास्त आवळला, तर लिव्हर जड होतो आणि झटक्याने हलतो. हवा त्याच्या पुढच्या कॉगवर जातो, मग परत आणावा लागतो. हलका ठेवला तर नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे चढताना, पॅडलवर उभं राहून पूर्ण वजन टाकलं असताना, चेन धाडकन लहान कॉगवर उतरते. अशा वेळी हँडल सोडून हात खाली डाउनट्यूबकडे न्यायचा, लिव्हर ओढायचा आणि त्याच हाताने कडीही पिळायची. घसरणं एक वेळ चालेल, पण जड आणि सैल यांच्यामधली जागा दर फेरीला नव्याने शोधायची, हे मला नको झालं. साध्या रचनेत ती जागा मुळातच अरुंद आहे, कारण एकच घर्षण दोन्ही दिशांना काम करतं.

रॅचेटवाला लिव्हर नेमकं हेच बदलतो. त्यातही घर्षणाचे वॉशर असतातच, पण ते फक्त लिव्हर पुढे जाताना आडवे येतात. मागे ओढताना बारीक दात्यांवरून खिट्टी टिकटिकत सरकते आणि हाताला फक्त स्प्रिंगची ओढ लागते. त्यामुळे स्क्रू बिनधास्त आवळता येतो, तरी लिव्हर एका बोटाने मागे येतो. सनटूर कंपनीचे पॉवर रॅचेट लिव्हर या जातीचे. सिम्प्लेक्स कंपनीचा रेट्रोफ्रिक्शन लिव्हर हेच काम खिट्टीऐवजी दांड्याभोवती गुंडाळलेल्या स्प्रिंगने करतो, त्यात टिकटिक नाही आणि हाताला तो फारच मुलायम लागतो. सनटूरची मूळ कंपनी केव्हाच बंद पडली, त्यामुळे ते लिव्हर आता जुने किंवा पडून राहिलेलेच मिळतात. त्याच तत्त्वावरचे नवे लिव्हर डाया-कॉम्पे बनवते.

रॅचेटच्या विरोधात मोठी बाजू पैशाची आणि वाट पाहण्याची. नाशिकमध्ये दुकानात जाऊन उचलता येईल अशी ही वस्तू नाही, बाहेरून मागवली तर टपालखर्च आणि कस्टम धरून हिशोब करावा लागतो. त्यामानाने जुना लिव्हर साफ करणं जवळपास फुकट. दुसरी बाजू हाताच्या सवयीची: पुढे ढकलताना सुरुवातीला ठाम जोर लागतो आणि मागे ओढताना जवळजवळ लागतच नाही. हा फरक काहींना खटकू शकतो, मला चार दिवसांत अंगवळणी पडला. आणि सायकल संपूर्ण मूळ कॅम्पॅग्नोलोच्या संचातली असेल, तर फक्त लिव्हर बदलून तो संच मोडावा असं मी म्हणणार नाही. तिथे वॉशरच जपावेत.

शिमानोचे टप्प्यांचे डाउनट्यूब लिव्हरही कुणी सुचवतं. १९८४ च्या ड्युरा-एस या शिमानोच्याच संचापासून टप्प्यांचे गिअर रुळले, आणि त्या काळच्या बऱ्याच उजव्या लिव्हरवर टप्पे बंद करायची सोय आहे. पण टप्पे बंद केल्यावर उरतो तो साधा घर्षणाचाच लिव्हर. मागे सात कॉगचा जुळणारा संच असेल आणि टप्पेच वापरायचे असतील तर जरूर घ्या, नुसत्या घसरण्यावर उपाय म्हणून नको.

रोजची फेरी शहरातली किंवा सपाट रस्त्याची असेल, तर आधी वॉशरवर एक तास घालवून बघा, कदाचित तेवढंच पुरेल. घाटाची सवय असेल तर मात्र मी रॅचेटसाठी पैसे साठवीन. मागवण्यापूर्वी क्लॅम्पचं (नळीभोवती बसणाऱ्या पट्ट्याचं) माप घ्या: बहुतेक जुन्या स्टीलच्या डाउनट्यूब २८.६ मिमी असतात, फ्रेंच फ्रेमच्या २८. फ्रेमला खुंट झाळलेले असतील तर त्यांच्या चपट्या बाजूंची ठेवण विक्रेत्याला फोटो पाठवून जुळवून घ्या, सिम्प्लेक्सच्या बाबतीत तर नक्कीच. डावा-उजवा जोडीनेच घ्या, रॅचेट एकाच दिशेने काम करत असल्याने बाजू बदलून चालत नाहीत. बसवल्यावर चेन फिरवत लिव्हर पूर्ण मागे ओढून बघा. केबल गुंडाळणारा भाग लहान असेल तर डीरेलर सर्वांत मोठ्या कॉगपर्यंत पोचत नाही. त्यासाठी लिव्हर पूर्ण पुढे असताना केबल आधीच ताठ करून बांधावी लागते. खिट्टीत जाड ग्रीस भरू नका, खिट्टी चिकटते, दात्यांत नीट बसत नाही आणि तो लिव्हरही घसरतो. हलक्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोलायचाच झाला तर मोठ्या ताटात खोला. खिट्टीची स्प्रिंग तांदळाच्या कणीएवढी असते आणि फरशीवर उडाली तर दुसरी मिळत नाही.